गार कपाटावरची वाकळ

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी सर्व्हिस मोटारीत माझ्या मांडीवर मूल नव्हतं, मडकं होतं. मूल, म्हणजे माझी सुमी, ह्यांच्या खांद्यावर मान टाकून बसली होती. मडक्यात ओली वाळू आणि वाळूत खुपसून ठेवलेली औषधाची बाटली. आक्का, तुम्ही खिडकीपाशी उभ्या होतात. डोक्यावरचा पदर घसरला होता आणि तुम्हाला तो सावरता येत नव्हता, कारण दोन्ही हातांनी तुम्ही एक घडी घातलेली वाकळ खिडकीतून आत कोंबत होतात. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. तुम्ही त्याला एक शिवी हासडलीत आणि मग मला म्हणालात, "बाटलीला गार ठेव आन् पोरीला उबंला. बाकीचं मी बघते."

मला वाटलं होतं, त्या वेळी रडू येईल. आलं नाही. मडक्यातली वाळू सांडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी ते धरलं होतं. मागं वळून बघायचं राहूनच गेलं.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा हे त्यांना भावकीतल्या पुतण्याची बायको वाचून दाखवेल. तिला सांगणं आहे की मधलं काही गाळू नको, आणि आक्का मध्येच उठून म्हशीकडं निघाल्या तर त्यांना बसव. बाकी घर सोडून कुठं कुठं जाऊन पडलेल्या आमच्यासारख्यांनीही वाचायला हरकत नाही. तुमचं कारण वेगळं असेल. कुणी नोकरीसाठी जातं, कुणी शिक्षणासाठी. आम्ही गारव्यासाठी गेलो, असं सांगितलं तर लोक हसतात.

आमचं गाव राधानगरीच्या वाटेवर, भोगावतीच्या काठाला. पावसाळ्यात तिथं भिंतींनासुद्धा हुडहुडी भरते. पण सुमीला सातवं लागलं आणि तिला जो रोग निघाला, तो पाऊस बघून थांबणारा नव्हता. घागरभर पाणी प्यायची आणि वाळत चालली होती. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, साखरेचा रोग आहे, रोज सुई टोचावी लागेल, जन्मभर. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, म्हणाल्या, "साखरंचा रोग पोट सुटलेल्या सावकाराला व्हतोय. ह्या काडीला कुठनं आला?"  डॉक्टरांनी एवढंच बजावलं की औषध उष्णतेनं बिघडतं, गार जागी ठेवा.

पाऊस आणि थंडी निभावली. चैत्र लागला तसं आम्ही मडक्यात वाळू भरून माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली आणि आक्का येता-जाता तीवर पाणी शिंपडायच्या. तरी वैशाखात एक बाटली बिघडली. उन्हानं बिघडली की आधीच तशी होती, देव जाणे. सुई रोज टोचत होतो आणि पोर मात्र पुन्हा घटाघटा पाणी पिऊ लागली, मग ओकू लागली, मग हाक मारली तरी डोळे उघडेना. बैलगाडीतून मोटारीपर्यंत आणि मोटारीतून दवाखान्यापर्यंत आक्कांनी तिला मांडीवर धरून नेलं. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, पुढच्या उन्हाळ्याला ज्या घरात फ्रिज असेल त्या घराच्या जवळपास राहा.

त्या काळात कोल्हापुरात फ्रिज असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. वीज होती, पण ती दिवा लावायला. ह्यांनी ओळखीपाळखी काढल्या आणि शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत्याकडं काम आणि त्याच्याच घराच्या मागच्या दोन खोल्या मिळवल्या. त्या अडत्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांच्या घरात फ्रिज होता. कुणी साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाच्या लिलावात अण्णांनी तो हौसेनं घेतला होता. म्हणजे त्या फ्रिजचंही घर सुटलेलंच. तर अशी मी, जिला गूळ विषासमान ती पोर घेऊन, गुळाच्या पेठेत राहायला आले. सकाळी दार उघडलं की गुळाच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा, वास घरात शिरायचा. सुमी नाक वर करून तो नुसता हुंगायची.

अण्णांच्या बायकोला आम्ही काकी म्हणायचो. आवाज असा की पेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. फ्रिज हा शब्द त्यांना आवडायचा नाही. त्या ‘गार कपाट’ म्हणायच्या. खंडेनवमीला अण्णा तराजूची पूजा करायचे तेव्हा काकी कपाटालाही झेंडूची माळ घालून कुंकू लावायच्या. त्या कपाटात त्यांच्या लोण्याच्या वाडग्याशेजारी आमच्या बाटलीला जागा मिळाली. मी भाड्याचं विचारलं तर काकी अंगावरच आल्या. "औषधाचं भाडं घिऊ व्हय मी? आंबाबाई बघतीया वरनं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्याकडचा वासाचा तांदूळ मातूर आन. त्याला काय पाप न्हाय."

ते मी गावी कळवलं आणि सुगी झाल्यावर तुमच्याकडून पोतं आलं. आक्का, ते पोतं तुम्ही कशातून काढलंत ते मी विचारलं नाही. घरात माणसं तीच, रान तेवढंच, आणि भात लावायला माझे दोन हात कमी. आमच्यात त्याचं नाव ‘कपाटाचा तांदूळ’ पडलं.

ते कपाट हे एक कोडंच होतं. ज्या तारेनं बल्ब तापतो, तिच्यातूनच गारवा कसा येतो? मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "शास्त्र आहे ते," आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं. म्हणजे ह्यांनाही ठाऊक नव्हतं. काकींचा हिशेब चुलीचा होता. दूध तापलं की जाळ ओढतो, तसं आत गार झालं की बटण बंद करायचं. मी धावत जाऊन पुन्हा चालू करायची. एकदा त्यांच्यासमोर रडलेच. तेव्हापासून त्यांनी बटणाला हात लावला नाही. पण त्यांचं सगळं लक्ष मीटरवर गेलं.

मीटर सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, दाराच्या वर होतं. त्यात एक चकती, तिच्या कडेला काळी खूण. थंडीत ती आळशासारखी फिरायची. चैत्र आला, उन्हं भिंतींत मुरली, आणि चकती गरगरायला लागली. कपाटाची घरघर पूर्वी मधूनमधून थांबायची, ती आता थांबेना. अण्णा पेठेतून आले की पायातलं पायताण न काढता आधी मान वर करून चकती बघायचे. मग माझ्याकडं बघायचे.  त्यांचं ते बघणं मला काकींच्या ओरडण्याहून जड जायचं. बिल आलं त्या दिवशी काकींनी सोप्यातला दिवा लावला नाही. आम्हीही आमच्या खोल्यांत कंदील लावू लागलो. वीज असलेल्या घरात राहून कंदिलाची काच पुसायची आणि सगळी वीज एका कपाटाला पाजायची, असा तो प्रकार होता.

मग काकींनी आणि मी डोकं लावलं. आता आठवलं की हसू येतं, पण त्या वेळी आम्ही दोघी स्वतःवर फार खूश होतो. लग्नाकार्याला कारखान्यातून बर्फाची लादी यायची ती कशी यायची? भुश्यात लोळवून, वर गोणपाट गुंडाळून. का? तर उन्हाची झळ लागून वितळू नये म्हणून. मग कपाटातला गारवासुद्धा झळ लागूनच पळत असणार. काकी म्हणाल्या, "गुंडाळून टाकूया की ह्याला!" मी खोलीत गेले आणि तुम्ही दिलेली वाकळ घेऊन आले. घरातली सगळ्यात जाड चीज तीच होती. उन्हाळ्यात सुमीला ती लागतही नव्हती. आम्ही ती कपाटाला पाठीमागून, दोन्ही बाजूंनी पांघरली, वारा शिरू नये म्हणून कडा खोचल्या, वरून सुतळीनं आवळलं आणि कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं. दार तेवढं मोकळं. काकी म्हणाल्या, "आता बघ कसं झोपतंय गपगार."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. घरघर वाढली. चकती तर अशी धावायला लागली की काळी खूण दिसेना. आम्हाला वाटलं, पांघरूण कमी पडतंय. काकींनी वर गोणपाट चढवलं. कपाटातलं लोणी मऊ पडायला लागलं. बाटलीला हात लावला तर ती कोमट नव्हती, पण गारही म्हणवत नव्हतं. आणि एके दुपारी सुमी माठापाशी उभी राहून तांब्या तोंडाला लावताना दिसली. एक तांब्या संपवून तिनं दुसरा भरला. 

त्याच संध्याकाळी अण्णांनी ह्यांना सोप्यात बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "मास्तर, मी वाईट माणूस न्हाय. पर हे कपाट मला खातंय. अमावस्येला बंद करणार, गिऱ्हाईक मिळालं तर इकणार. तुमी तुमची सोय बघा." हे मास्तर नव्हते, पण गावाकडून आलेल्या शिकलेल्या माणसाला अण्णा मास्तरच म्हणायचे. हे आत येऊन माझ्यासमोर बसले. कुठं जायचं ते दोघांनाही कळेना. दुसरं फ्रिजचं घर शोधायचं तर ओळख नाही. गावी जायचं तर समोर वैशाख आणि वाळूचं मडकं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

अशात तुम्ही आलात, आक्का. जोतिबाची यात्रा करून, केसांत गुलाल तसाच, आणि डोक्यावर तांदळाचं गठुळं. पाणीसुद्धा न पिता तुम्ही मला म्हणालात, "आत्याबाईनी हातरूण धरलंय. मला एकटीला न्हाय होत गं आता. चला घरी." मी तुमच्या डोक्यावरचं गठुळं उतरवून घेतलं. तुम्हाला वाटलं असेल, हिला शहर सोडवत नाही. खरं सांगू? त्या क्षणी मला सुटल्यासारखंच वाटलं. अण्णा कपाट बंद करणार, तुम्ही न्यायला आलेल्या. माझ्यापुढचा प्रश्न आपसूक मिटला होता. मग सुमीकडं बघितलं आणि पुन्हा डोक्यात गोंधळ सुरू झाला. घरी नेऊन तिला कशी जगवणार होते मी?

काकींनी तुम्हाला आत बोलावलं. "या पावणं, गार पाणी प्या कपाटातलं." तुम्ही माजघरात आलात आणि उंबऱ्यावरच थबकलात. मी तुमच्या मागं होते. तुमचा चेहरा मला दिसला नाही, पाठ दिसली.

त्या वाकळेत आत्याबाईंची दोन लुगडी होती, तुमचं स्वतःचं लग्नातलं होतं, आणि मधोमध बाळूच्या अंगड्याचा निळा तुकडा होता. बाळू तुमचा एकुलता एक. तापानं गेला तेव्हा चालायलाही लागला नव्हता. तो निळा तुकडा सुतळीखाली, गोणपाटाच्या आडून, नेमका दिसत होता. मी रोज त्या कपाटापुढून जात होते आणि तो मला दिसला नव्हता.

"माणसाला पांघरायची वाकळ," तुम्ही म्हणालात, "लोखंडाला पांघरलीस व्हय गं?"

मी कायतरी सांगायला गेले. करंट, मीटर, बर्फाची लादी. तुम्ही ऐकत नव्हतात. सुतळी तोडलीत, गोणपाट भिरकावलंत, आणि वाकळ ओढायला लागलात. तिची कड पाठीमागं अडकली होती, म्हणून खांदा लावून ते अख्खं कपाट तुम्ही भिंतीपासून हातभर पुढं सरकवलंत. काकी ओरडत होत्या, "अवो, मोडंल की ते!" तुम्ही पाठीमागं हात घातलात आणि झटक्यात बाहेर काढलात. "तापानं फणफणलंय हे तर! गार कपाट म्हणं!" मग वाकळ छातीशी धरून तुम्ही आमच्या खोलीत जाऊन बसलात. तुम्हाला रडताना मी बाळूच्या वेळेनंतर पहिल्यांदा बघितलं.

कपाट तसंच भिंतीपासून सुटून उभं राहिलं. ते मागं ढकलायचं कुणाला सुचलंच नाही.

दिवेलागणीला घरघर थांबली. एकदम शांत झालं, तशा काकी छाती बडवतच धावल्या. "मेलं! मेलं की कपाट!" मी दार उघडून बाटली काढायला हात घातला. बाटली गार होती. लोणी घट्ट होतं. आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. तेवढ्यात कपाट पुन्हा घरघरलं, आणि काही वेळानं पुन्हा थांबलं. दुसऱ्या दिवशी अण्णा पेठेतून आले, मान वर केली आणि तशीच ठेवली. चकती रमतगमत फिरत होती. काकींनी निकाल देऊन टाकला. "तुज्या जावंनं दिष्ट काढली कपाटाची. काय पाय हाय बाईचा!"  अमावस्या आली आणि गेली, आणि अण्णांनी कपाट विकायचा विषय पुन्हा काढला नाही. सुमीचं पाणी पिणं हळूहळू माणसात आलं.

पण तुम्ही त्याच्या आधीच, त्या दुसऱ्या दिवशीच निघालात. एकट्या. मी म्हणाले, "येते मी, चार दिवस तरी येते." तुम्ही सुमीला जवळ घेऊन तिच्या केसांतून हात फिरवत होतात. "न्हाय. कपाट चाललंय न्हवं? मग ऱ्हा हितंच. बाकीचं मी बघते." वाकळ तुमच्या काखेत होती. सुमीनं ती मागितली नाही, मीही नाही.

आत्याबाई त्याच पावसाळ्यात गेल्या. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तुम्ही अंगणात भांडी घासत होतात आणि पहिला प्रश्न विचारलात तो, बाटली कुणाजवळ ठेवून आलीस.

त्या दुपारचा उलगडा मला कितीतरी वर्षांनी झाला. आमचं स्वतःचं घर झालं, स्वतःचा फ्रिज आला. तो बसवायला आलेल्या माणसाला ह्यांनी भिंतीला टेकवून ठेवायला सांगितलं, तर तो म्हणाला, "पाठीमागं जागा सोडा. आतली ऊब तिथनं बाहेर पडते. कोंडली की मशीन धापा टाकतं आणि बिल वाढतं." मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून हसले, आणि हसता हसताच रडले. आम्ही दोघी शहाण्यांनी कपाटाचा श्वास कोंडला होता, आणि तुम्ही रागाच्या भरात तो मोकळा केलात. दृष्ट नव्हती, पायगुण नव्हता. तुम्ही आम्हाला घरी न्यायला आल्या होतात, आणि तुमच्याच हातानं आमचं इथलं राहणं पक्कं करून गेलात. हे तुम्हाला सांगावं की नाही, हेच मला इतकी वर्षं कळत नव्हतं. आज सांगून टाकलं.

अजूनही उलगडत नाही ते वेगळंच. आतलं गार राहावं म्हणून कुठंतरी पाठीमागं कुणीतरी तापत असतं, एवढं मला त्या माणसानं शिकवलं. सुमी आज शाळेत शिकवते. स्वतःची सुई स्वतः टोचून घेते. तिच्यापायी आम्ही गाव सोडलं ते बरोबरच होतं, यात मला शंका नाही. पण मग गावाचं नाव निघालं की माझा जीव असा खालीवर का होतो? कुणी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या, तर मी शाहूपुरी म्हणते आणि लगेच वाटतं, खोटं बोलले. गावी गेले तर दोन दिवसांत माझे कान फ्रिजची घरघर शोधायला लागतात. आता धरणाच्या पाण्यावरची वीज तुमच्या घरातही आली आहे. पुतण्या फ्रिज आणू म्हणाला तर तुम्ही म्हणालात, "मला काय गार ठेवायचंय?"

सुगी झाली की आजही आमच्या दारात पोतं उतरतं. अण्णा गेले, काकी गेल्या, ते कपाट भंगारात जाऊनही किती वर्षं लोटली. कुणाच्या कपाटातली जागा मागायची आम्हाला गरज उरली नाही, आणि हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी गेल्या खेपेला पोतं घेऊन आलेल्या माणसाला मी विचारलं, "यंदा भात कमी पिकलं म्हणे, मग हे कशाला पाठवलं?" तो घाम पुसत म्हणाला, "आक्कानी वायलं काढून ठेवलंतं. म्हणाल्या, ह्याला हात लावायचा न्हाय, हे सुमीच्या कपाटाचं हाय."

मी त्याला पाणी दिलं. पोतं आत ओढून घेतलं आणि फ्रिजच्या शेजारी ठेवलं, पाठीमागची जागा सोडून.